अण्णांसाठी टॅबलेट घेताना आधी सिमची सोय बघा, कंपनी नंतर

प्रश्न: दादा, मी मूळची सेलू तालुक्यातली, आता चाकणला राहते. माझे वडील अण्णा ७४ वर्षांचे आहेत, एसटीत कंडक्टर होते, आता आईसोबत गावीच असतात, थोडी शेती आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं दिवाळीनंतर करायचंय. त्यांच्याकडं छोटा स्मार्टफोन आहे पण अक्षर दिसत नाही, व्हिडिओ कॉल आला की हमखास लाल बटण दाबलं जातं आणि मग चिडून फोन उशाखाली सारून देतेत. नातवंडं बघायची असतात, कीर्तन ऐकायचं असतं, पेपर वाचायचा असतो. भाऊ म्हणतो आयपॅडच घेऊ, आमचे हे म्हणतेत आठ हजारातला वायफायवाला बास झाला, आणि अण्णा म्हणतेत मला काहीच नको, ह्या वयात कुठं शिकत बसू. बजेट वीस हजारापर्यंत आहे. काय घ्यावं? आणि पैशाच्या फसवणुकीची लई भीती वाटते.

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात कंपनीचं नाव विचारलंय, पण मी आधी तुम्हालाच विचारतो, गावातल्या घरात वायफाय आहे का? तुम्ही लिहिलं नाही म्हणजे बहुतेक नसणार. मग आठ हजाराचा वायफायवाला टॅब तिथं चालणार कशावर? अण्णांच्या फोनचा हॉटस्पॉट रोज कोण चालू करून देणार? ते एक काम अण्णांना जमलं असतं तर तुम्ही मला पत्रच लिहिलं नसतं. माझ्या दुकानात असे टॅब परत येतेत, पुण्या-मुंबईच्या पोरांनी हौसेनं पाठवलेले, डब्यासकट नवेकोरे, "दादा ह्यात नेटच येईना" म्हणून. टॅबमध्ये काही बिघाड नसतोय, त्यात सिमच टाकता येत नाही एवढंच.

म्हणून पहिली गोष्ट, सिमवालाच घ्या. डब्यावर 'एलटीई' नाहीतर '५जी' असं लिहिलेलं बघा, नुसतं 'वायफाय' लिहिलं असेल तर कितीबी स्वस्त मिळाला तरी ठेवून द्या. एकाच नावाचा टॅब दोन्ही प्रकारात मिळतो, ऑनलाइन घेताना माणूस इथंच फसतोय, फोटो तोच, नाव तेच आणि किंमत दोन-तीन हजारानं कमी दिसली की आपण बटण दाबून मोकळं. समजा उद्या गावात कुणी वायफाय घेतलं तरी लाइट गेली की राउटर बंद पडतोय, आणि आपल्याकडं लाइट कशी असते ते तुम्हाला मी काय सांगावं. टॅबची बॅटरी मोठी असते, अण्णांच्या वापराला दिवसभर सहज पुरते, टॉवर चालू आहे तोवर सिमचं नेट चालू राहतंय.

सिम कोणतं घ्यायचं हे मात्र चाकणला बसून ठरवू नका. आईला नाहीतर शेजारच्या पोराला सांगा, वेगवेगळ्या कंपनीचे फोन घेऊन अण्णा जिथं बसतेत तिथं उभं राहून रेंज बघ म्हणावं. माळवदाचं जुनं घर असेल तर जाड भिंतीत रेंज मरते, ओसरीत चार काड्या आणि आतल्या खोलीत एकबी नाही असं असतंय. अण्णांची बसायची जागा जिथं असेल तिथली रेंज महत्त्वाची, गावाच्या पाराजवळची नाही.

आता आयपॅड. भावाचं म्हणणं चुकीचं नाही, आयपॅड चांगली वस्तू आहे, वर्षानुवर्षं चालते, आणि २०२३ पासून त्यात 'असिस्टिव्ह अ‍ॅक्सेस' म्हणून सोय आलीय ज्यात स्क्रीनवर फक्त मोजके मोठे मोठे चौकोन राहतेत, म्हाताऱ्या माणसाला ते खरंच सोपं पडतं. पण साधा वायफायवाला आयपॅडच तुमच्या बजेटच्या बाहेर आहे आणि सिमवाला तर दुपटीच्याबी वर जातोय. व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा आयपॅडवर २०२५ मध्ये आलंय. त्यात गावात कुणाकडंच आयफोन नसतोय, सगळ्यांकडं अँड्रॉइड, मग अण्णांचं काही अडलं की शेजारचा पोरगा हातात घेऊन म्हणणार मला ह्यातलं कळत नाही. मी हे लई महत्त्वाचं मानतो. तुम्ही सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरवर, मदतीला येणार ते गल्लीतलं पोरगं, मग त्या पोराला जे येतंय तेच घ्यावं.

तर अँड्रॉइड, आणि त्यात सॅमसंगची टॅब ए सिरीज नाहीतर लेनोवोची टॅब एम सिरीज बघा, ह्यांचे सिमवाले मॉडेल वीस हजाराच्या आसपास निघतेत. नंबर दरवर्षी बदलतेत, २०२३ मध्ये ए९ आणि ए९ प्लस आला, मग पुढचे आले, त्यामुळं मी एकाच नंबरवर बोट ठेवत नाही. रॅम ४ जीबीच्या खाली नको, स्टोरेज ६४ जीबीच्या खाली नको, आणि दुकानदाराला विचारा की किती वर्षं अपडेट मिळणार. नाव न ऐकलेल्या कंपनीचा सहा-सात हजाराचा टॅब घेऊच नका, ते इतके अडकत चालतेत की एकदा दाबलं आणि काही झालं नाही म्हणून म्हातारं माणूस चारदा दाबतंय, मग चारीबी दाबलेलं एकदम उघडतंय आणि त्यांना वाटतंय आपलंच चुकलं. अण्णांचा विश्वास तिथंच उडेल, मग कितीबी चांगला दुसरा आणला तरी हात लावणार नाहीत.

साइज ही खरी विचार करायची गोष्ट. ८.७ इंची हातात धरायला हलका, ११ इंचीत अक्षर मोठं दिसतंय पण वजन अर्ध्या किलोच्या जवळ जातंय. बाजेवर आडवं पडून बघायची सवय असेल तर मोठा टॅब छातीवर धरून मनगट दुखतंय आणि डुलकी लागली की तोंडावर पडतोय. तरी अण्णांचे डोळे बघता मी मोठाच घ्या म्हणेन, पण उभं राहणारं कव्हर सोबतच घ्या, म्हणजे समोर पाटावर नाहीतर स्टुलावर ठेवला की दोन्ही हात मोकळे आणि व्हिडिओ कॉलमध्ये नुसतं कपाळ दिसायचं ते पूर्ण तोंड दिसेल. स्पीकरचा आवाज दुकानातच मोठ्यानं लावून ऐका, ऐकायला थोडं कमी येत असेल तर हे आधीच कळायला पाहिजे. आणि अंगणात उन्हात ह्या स्क्रीनवर काहीच दिसत नाही, ओसरीत बसून वापरायची वस्तू आहे हे अण्णांना आधीच सांगून ठेवा.

आता लाल बटणाबद्दल सांगतो, कारण ते वाचून मला पत्राचं उत्तर द्यावंच वाटलं. परवा दुकानात एक आजोबा आले, शेतकरी माणूस, म्हणाले फोनचा टच गेलाय. मी दाबून बघितलं, टच एकदम ठीक. मग त्यांना म्हणलं तुम्ही दाबून दाखवा, तर त्यांनी अंगठा टेकवला आणि टेकवूनच ठेवला, बेलचं बटण दाबतेत तसा जोर लावून. स्क्रीनवरचं चित्र हलायला लागलं, अंगठा जरा सरकला आणि चित्र उचलून दुसरीकडं गेलं. मग त्यांनी दुसऱ्या बोटानं हळूच टेकवलं तर काहीच झालं नाही, कारण बोटाची कातडी खुरप्या-कुदळीनं घट्टे पडून कोरडीठाक झालेली आणि ह्या स्क्रीनला कोरड्या घट्ट कातडीचा स्पर्श नीट कळत नाही. टच बोटाच्या दाबावर चालत नाही, अंगातून जी बारीकशी वीज वाहू शकते तिच्यावर चालतोय, कातडी जितकी कोरडी तितका तो कमी ओळखतोय. मी त्यांचं बोट ओल्या फडक्याला टेकवून पुसायला लावलं, लगेच चाललं. म्हातारी माणसं "मला येत नाही" म्हणतेत त्यातलं निम्मं हेच असतंय ताई, त्यांच्या डोक्याचा काही दोष नसतोय.

ह्याच्यावर उपाय आहेत. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी म्हणून एक भाग असतोय, त्यात बोट किती वेळ टेकवलं तर 'दाबून धरलं' समजायचं ते ठरवता येतंय, ते सगळ्यात लांब करून टाका. सॅमसंगमध्ये होम स्क्रीनची मांडणी लॉक करता येते, ती करा, म्हणजे आयकॉन इकडचा तिकडं उडणार नाही. नाहीच जमलं तर शे-दोनशे रुपयाचा रबरी टोकाचा साधा टच पेन मिळतोय, तो आणा. कंडक्टर माणूस, आयुष्यभर हातात पंच आणि कानावर पेन असणार, त्यांना पेनानं दाबणं बोटापेक्षा लवकर जमेल असं मला वाटतंय. कॉल उचलायला काही मॉडेलमध्ये हिरवं बटण दाबायचं नसून सरकवायचं असतंय, तेवढं एक त्यांच्याकडून परत परत करून घ्या, शेजारी बसून तुमच्या फोनवरून कॉल लावायचा आणि त्यांनी उचलायचा, कंटाळा येईस्तोवर.

बाकीचं सेटिंग तुम्ही टॅब हातात आल्यावर स्वतः बसून करा, दुकानदारावर सोडू नका, माझ्यावरबी नाही. भाषा मराठी करा. अक्षर मोठं करा आणि ठळक करा, आणि फक्त अक्षर नाही तर 'डिस्प्ले साइज' म्हणून वेगळं असतंय तेबी वाढवा, त्यानं बटणं मोठी होतेत. पांढऱ्यावर काळं वाचायला बरं वाटतंय का काळ्यावर पांढरं, हे अण्णांनाच विचारा, मोतीबिंदूवाल्यांना कुणाला पांढऱ्या स्क्रीनची चमक सहन होत नाही आणि कुणाला उलट. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन चष्म्याचा नंबर बदलला की हे सगळं परत एकदा बघावं लागेल. स्क्रीन आपोआप बंद व्हायचा वेळ वाढवून दहा मिनिटं करा, नाहीतर पेपरची बातमी अर्धी वाचून होत नाही तर अंधार.

आणि एक सेटिंग अशी आहे की बाकी सगळं विसरलात तरी ही करा. बऱ्याच नवीन टॅबमध्ये मागं जायला कडेवरून बोट सरकवावं लागतंय, ते म्हाताऱ्या माणसाला कधीच जमत नाही. सेटिंगमध्ये जाऊन (सॅमसंगमध्ये ते डिस्प्लेच्या भागात असतंय) खाली तीन बटणं आणा, मागं जायचं, होमचं आणि तिसरं. मग अण्णांना एकच गोष्ट पाठ करायला लावा, काहीबी झालं, कुठंबी अडकलात, मधलं बटण दाबा, घरी याल. हे कळलं की भीती निम्मी जाते.

पहिल्या स्क्रीनवर चार-पाच चित्रं ठेवा बस. व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, पेपर, फोटो आणि हवं तर तुमचा आणि भावाचा थेट कॉल लागेल असं फोटोवालं शॉर्टकट. बाकी सगळी अ‍ॅप आत ढकला, जी काढता येतेत ती काढून टाका, खेळाची आणि कर्जाची तर आधी. नोटिफिकेशन बंद करा, व्हॉट्सअ‍ॅप आणि कॉल सोडून एकाचीबी वाजायची गरज नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचं नीट समजून घ्या, इथं लई लोक गोंधळतेत. टॅबमध्ये नवीन सिम टाकलं म्हणून नव्या नंबरचं व्हॉट्सअ‍ॅप चालू करू नका, मग सगळे नातेवाईक जुन्या नंबरावर फोन लावायलेत आणि अण्णा नव्यावर वाट बघायलेत असं होतंय. अण्णांचा जुना फोन तसाच ठेवा, त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपमधून 'लिंक्ड डिव्हाइस'मध्ये जाऊन टॅब जोडा, कोड स्कॅन केला की त्याच नंबरचं व्हॉट्सअ‍ॅप दोन्हीकडं चालतंय, कॉलबी दोन्हीकडं वाजतोय. एका फोनला असे ४ यंत्रं जोडता येतेत. फक्त जुना फोन १४ दिवसांपेक्षा जास्त बंद पडून राहिला तर टॅबवरचं व्हॉट्सअ‍ॅप आपोआप तुटतंय, तेव्हा तो उशाखाली राहिला तरी चार्ज राहिला पाहिजे एवढं आईला सांगा. आणि फोटो-व्हिडिओ आपोआप उतरायचं बंद करा, सुप्रभातच्या फोटोंनी महिनाभरात टॅब भरतोय.

यूट्यूबवर टाइप करायची गरज नाही, माइकचं चित्र दाबून "हरिपाठ" म्हणलं की मराठी बरोबर ओळखतंय. सुरुवातीला तुम्हीच चार चांगले कीर्तनकार, आकाशवाणी, कृषी विद्यापीठाचं परभणीचं चॅनल असं लावून द्या, ते जे बघतील तसंच पुढं येत राहतंय. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू व्हायचं बंद करा, झोप लागली की कीर्तनावरून कुठल्या कुठं जातंय. पेपरसाठी अ‍ॅपपेक्षा त्यांच्या सवयीच्या पेपरच्या ई-पेपरचं पान होम स्क्रीनवर ठेवा, त्यांना पानं उलटायची सवय आहे. काही पेपर पैसे घेतेत, ते तुमच्या कार्डावरून भरा. आणि वाचायची आवड असेल तर मराठी विश्वकोश पूर्ण फुकट आहे नेटवर, माझ्या माहितीतला एक जुना माणूस रोज त्यातली एक नोंद वाचतोय. हवामानाची दामिनी अ‍ॅप मात्र टॅबमध्ये नको, फोनमध्ये टाका, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ती विजेच्या इशाऱ्यासाठी काढलीय, आणि वीज पडायच्या वेळी अण्णा शेतात असणार, तिथं फोनच सोबत असतोय.

आता फसवणूक. तुमची भीती खरी आहे आणि ती राहू द्या. टॅबमध्ये बँकेचं अ‍ॅप नको, फोनपे-गूगल पे नको, बँकेला जोडलेलं सिम तर अजिबात नको, नेटपुरतं वेगळं सिम. प्ले स्टोअरला कार्ड जोडू नका. मग त्या टॅबवर कितीबी चुकीचं दाबलं तरी खात्यातले पैसे थेट जायची वाट बंद होते. ह्याच एका कारणासाठी मी म्हाताऱ्या माणसाला फोनपेक्षा टॅब बरा म्हणतो, बघायची वस्तू वेगळी, पैशाची वेगळी.

तरी दोन गोष्टी अण्णांना तोंडानं समजावून सांगा, दोन्ही आपल्याकडं गावोगाव चालू आहेत. एक, व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका नाहीतर पीएम किसानची यादी म्हणून फाइल येते, नावाच्या शेवटी एपीके असतंय, ती उघडली की चोर अ‍ॅप आत शिरतंय. पाहुण्याच्या नंबरावरून आली तरी उघडायची नाही, कारण पाहुण्याचाच फोन आधी गेलेला असतोय. सेटिंगमध्ये बाहेरून अ‍ॅप टाकायची परवानगी सगळीकडं बंद आहे ना ते तपासा. दुसरं, वर्दी घातलेला माणूस व्हिडिओ कॉलवर येऊन म्हणतोय तुमच्यावर केस आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, डिजिटल अटक झालीय. अशी अटक कायद्यात नाहीच. अण्णांना सांगा, असा फोन आला की मधलं बटण दाबायचं नाही, सरळ टॅब बंद करायचा आणि तुम्हाला फोन लावायचा. कुठं पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन, जितका लवकर तितकं बरं. हा नंबर आणि तुमचा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून कव्हरच्या आत चिकटवा.

लांबून मदत करायला म्हणून एनीडेस्कसारखं, म्हणजे लांबून दुसऱ्याचा टॅब चालवायचं अ‍ॅप टाकू नका, चोर तेच वापरतेत. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ कॉलमध्येच स्क्रीन दाखवायची सोय आहे, अण्णांनी ती चालू केली की तुम्हाला त्यांचं समोरचं दिसतंय, दाबायचं मात्र त्यांनाच लागतंय, आणि तेच चांगलं.

राहिलं अण्णांचं "मला नको". ताई, ज्या माणसानं भरल्या एसटीत उभं राहून सुट्ट्या पैशाचा हिशोब चुकू दिला नाही, त्याला नातवासमोर "हे कसं करायचं" विचारायची लाज वाटतेय, एवढंच असतंय बहुतेक वेळा. म्हणून पोरांना शिकवायला लावू नका, पोरं हातातून ओढून घेतेत आणि झटक्यात करून दाखवतेत, त्यात म्हाताऱ्याला काहीच कळत नाही. तुम्ही स्वतः शिकवा आणि शिकवताना टॅबला हात लावू नका, तोंडानं सांगा, बोट त्यांचंच. पहिल्या मुक्कामात फक्त कॉल उचलणं आणि मधलं बटण. यूट्यूब पुढच्या खेपेला. आणि त्यांच्यासाठी आणलाय असं न म्हणता तुमचं एक काम सोपवा, "अण्णा, रोज संध्याकाळी सेलूच्या मोंढ्यातला कापसाचा भाव मला सांगत जा, ह्यांच्या मित्राला पाहिजे असतोय" म्हणा, आणि खरंच रोज विचारा, दोन दिवसांनी विसरून जाऊ नका. आईलाबी शेजारी बसवा, लई घरात आधी आई शिकते आणि मग ती बघून वडील हात लावतेत.

खरेदी जमलं तर परभणी नाहीतर सेलूतच करा, अण्णांना घेऊन जा, त्यांच्या हातात द्या, त्यांना अक्षर वाचायला लावा. शंभर-दोनशे जास्त गेले तरी चालतील, बिल पक्कं घ्या आणि सर्व्हिस सेंटर जवळ कुठं आहे ते त्याच दुकानात विचारा. गूगल खातं अण्णांच्याच नावानं काढा, पण खातं अडकलं तर परत मिळवायचा नंबर तुमचा द्या आणि पासवर्ड आईच्या डब्यातल्या वहीत लिहून ठेवा, कारण सगळ्यात जास्त टॅब माझ्याकडं येतेत ते फुटलेले नाही, पासवर्ड विसरलेले. दुकानात उभ्या असताना डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठवा, सिमवाला आहे का नाही ते मी बघून सांगतो, मग पैसे द्या.